पाचवी घागर

ओट्यावर घागरी पाच होत्या. प्रत्येकीखाली शेतातल्या काळ्या मातीची चार ढेकळं, म्हणजे ढेकळं वीस. प्रत्येकीच्या तोंडावर एक खरबूज, खरबुजाला टेकून दोन आंबे आणि दोन सांजोऱ्या. म्हणजे खरबुजं पाच, आंबे दहा, सांजोऱ्या दहा. गळ्याला सुताचे वेढे होते. ते मोजायला पुष्पा वाकली आणि तशीच थांबली. घागरी पाच होत्या, आणि या घरातली गेलेली माणसं चार होती.

तिने बोटांवर पुन्हा मोजलं. आबा, आजी नर्मदाबाई, गिरणेच्या पुरात वाहून गेलेले नथ्थूकाका आणि नानांची बायको शेवंताकाकू. चारच. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात. बहुतेक घरांत सगळ्या पितरांची मिळून एकच असते, पण पाटलांच्या या घरात माणशी एक मांडायची रीत होती. कुंभाराला आकडा आधीच सांगितलेला असे. त्याच्याकडून चुकून एखादी जास्त आली असेल, असं मनाला समजावता आलं असतं. पण चुकून आलेल्या घागरीला कुणी सूत गुंडाळून, वर खरबूज ठेवून ढेकळांवर मांडत नाही.

१९८९ सालची ती आखाजी. पुष्पा बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा देऊन आदल्या संध्याकाळीच जळगावहून आली होती. सकाळी ती न्हाऊन येईपर्यंत पुरुषमंडळींनी घागरी भरून, नावं घेऊन, सगळं उरकून टाकलं होतं.

ती सरळ स्वयंपाकघरात गेली. बेबाबाई फुई, म्हणजे पुष्पाची आत्या, खापरावर पुरणपोळी टाकत होती. फुई दोंडाईच्याहून माहेरपणाला आली होती, म्हणजे माहेरच्या चुलीपुढे बसायला आली होती. पुष्पाची आई द्रौपदाबाई भिंतीकडे तोंड करून आंब्याचा रस काढत होती. पाचवी घागर कोणाची, असं पुष्पाने विचारलं तेव्हा आईचा हात पातेल्यात थांबला, पण मान वळली नाही. फुईने एकदा भावजयीच्या पाठीकडे पाहिलं.

“प्रमिलानी शे,” ती म्हणाली. “नानानी सांगं, भरी टाकी. आते उगी ऱ्हाय, पोरी. जामनेरवाला येणार शेतस.”

पुष्पाच्या मस्तकात तिडीक गेली. प्रमिला, तिची थोरली बहीण, धुळ्यात होती. परीक्षा संपल्यावर पुष्पा तिच्याकडे दोन दिवस राहून जळगावला परतली होती. प्रमिलाने शेवभाजी केली होती, वाढताना रस्सा सांडला म्हणून स्वतःलाच शिवी दिली होती, आणि नवऱ्याच्या ताटातला कांदा पळवला होता. एवढं सगळं करणाऱ्या बाईच्या नावाने तिच्याच माहेरी पाणी ओतलं गेलं होतं.

गोष्ट साधी होती आणि सगळ्या गावाला ठाऊक होती. दोन वर्षांपूर्वी प्रमिलाने धुळ्यात नोंदणी करून लग्न केलं. नवरा आधार बैसाणे, टेलिफोन ऑफिसात नोकरीला, स्वभावाने शांत, घरचा एकुलता एक. बौद्ध. नाना, म्हणजे पुष्पाचे थोरले काका आणि घरातले वडीलधारे, रुपचंद पाटील मास्तर, दर चौदा एप्रिलला शाळेत तसबिरीला हार घालत आणि माणसं सारखी असतात यावर पाऊण तास बोलत. पुष्पा शाळेत असताना त्या भाषणाला टाळ्या वाजवणाऱ्यांत पहिली असे. लग्नाची बातमी आली त्या दिवशी याच नानांनी ओट्यावर उभं राहून सांगितलं की त्या पोरीचा पाय या उंबऱ्याला लागता कामा नये. पण तोवर ती निदान दूर गेलेली होती. मेलेली नव्हती.

मेली ती जामनेरच्या स्थळामुळे. नानांची धाकटी कोकिळा, पुष्पाहून वर्षाने मोठी, तिचं जामनेरला जमत आलं होतं. मुलाच्या काकांनी चौकशी केली, तुमच्या घरातली एक मुलगी कुठे दिली म्हणे? नानांनी सांगितलं, ती वारली. कशाने? तर कावीळ होऊन. हे फुईने पोळी उलटता उलटता सांगितलं. तेच काका, धनसिंग पाटील, आज जेवायला येणार होते. वारलेल्या माणसाची घागर ओट्यावर नको का दिसायला?

पुष्पा गोठ्याकडे गेली. तिचे वडील वना बैलाच्या पाठीवरून हात फिरवत उभे होते. सगळी पोरं त्यांना भाऊ म्हणत. दुसऱ्या कशाचीही चौकशी न करता तिने विचारलं, पाचव्या घागरीत पाणी कोणी ओतलं.

“मी,” भाऊ म्हणाले. मग म्हणाले, “नानांचं म्हणणं, बापाच्या हातून व्हायला पाहिजे.”

तिला त्या हाताकडे बघवेना. तो बैलाच्या पाठीवर तसाच फिरत राहिला.

*

आखाजीला खानदेशात पत्ते कुटतात. एरवी पानाला न शिवणारी माणसंही त्या दिवशी डाव मांडतात आणि त्याला कुणी जुगार म्हणत नाही. नानांना पत्त्यांची चीड. पुष्पा लहान असताना एका आखाजीला त्यांनी घरातले सगळे पत्ते चुलीत घातले आणि जेवणानंतरच्या वेळेसाठी प्रश्नांचा खेळ काढला. टीव्हीवर असे खेळ दिसायला लागले त्याच्या पुष्कळ आधी हा खेळ त्यांच्या ओट्यावर चालू होता, आणि नाना ते पाहुण्यांना आवर्जून सांगत.

दोन बाजू. एक ओट्यावर, एक खाली कडुनिंबाच्या सावलीत. मधे पितळी ताट. ज्याला उत्तर येतं त्याने जाऊन ताट वाजवायचं. फेरे चार. भूगोल-इतिहासाचा, शेतीचा, विज्ञानाचा, आणि शेवटचा घरचा. घरच्या फेऱ्यात आजीचं माहेर कोणतं, मळ्यातल्या विहिरीला पायऱ्या किती, खळ्याची जागा कोणाकडून घेतली, असं विचारत. घागरी किती आणि कोणाकोणाच्या, हा प्रश्न दरवर्षी असेच. पोरांना आपली माणसं माहीत पाहिजेत, असं नाना म्हणत. आणि घरच्या फेऱ्यात जे उत्तर मान्य झालं ते या घरात खरं ठरे. पुढच्या आखाजीला तेच विचारायचं, तेच सांगायचं. पोरं तेच पाठ करून मोठी होत.

खेळाचा एक नियम नानांना फार प्यारा होता. त्यांच्या उत्तरालाही हरकत घेता येई. फक्त पुरावा द्यायला पाहिजे, आणि तो इथे, या ओट्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. ऐकीव चालणार नाही. एका वर्षी ते म्हणाले, विहीर चाळीस हात खोल. प्रमिलाने हरकत घेतली, सगळ्यांना भर उन्हात मळ्यात नेलं, सोलाला, विहिरीच्या जाड दोराला, दगड बांधून सोडला आणि ओला दोर सगळ्यांसमोर हाताने मोजून दाखवला. छत्तीस भरले. नाना हरले, आणि हरल्याचा त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी तो किस्सा शाळेत वर्षभर सांगितला. पुष्पाला विज्ञान घ्यावंसं वाटलं ते त्या ओल्या दोरामुळे.

पुरावा लगेच मिळण्यासारखा नसला तर प्रश्न शिल्लक राही. ओट्याच्या भिंतीवर एका कोपऱ्यात काळा चौकोन रंगवलेला होता. तिथे चुन्याने प्रश्न लिहायचा, दोन्ही बाजूंची उत्तरं लिहायची, आणि ज्याचा दावा त्यानेच पुढे तो सोडवायचा. दुसऱ्याने सोडवून चालत नसे. आबांचा एक प्रश्न असाच होता: दारातला कडुनिंब किती वर्षांचा. आबा म्हणत शंभर. आबा वारले त्यानंतरच्या पहिल्याच आखाजीला नानांनी ओल्या फडक्याने तो प्रश्न पुसला. दावा करणारा गेला, दावा गेला, असं ते म्हणाले.

आता चौकोनात एकच प्रश्न होता. चार वर्षांपूर्वीचा.

नानांनी विचारलं होतं, दुपारी घागरीतलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा किती अंश थंड असतं. त्यांचं उत्तर, पाच. प्रमिला म्हणाली, पंधरा. पुरावा म्हणून घरात एकच थर्मामीटर निघाला, ताप बघायचा. प्रमिलाने तो घागरीत बुडवला. पारा जागचा हलला नाही, कारण माणसाच्या अंगाच्या तापमानाखालचं त्याला काही कळतच नाही. सगळे हसले. फुई म्हणाली होती, घागरले ताप नही, बरी शे. मग भिंतीवर चुन्याने लिहिलं गेलं: घागरीचं पाणी. नाना, पाच. प्रमिला, पंधरा.

पुष्पाने या वेळी जळगावहून येताना एक लांब थर्मामीटर विकत आणला होता, प्रयोगशाळेत असतो तसा, शून्यापासून शंभरापर्यंतचा. पुठ्ठ्याच्या नळीत घालून, साडीच्या घडीत गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवला होता. दावा प्रमिलाचा होता हे तिला माहीत होतं. तिला फक्त नानांना तो दाखवायचा होता. आता सोडवता येईल, तिला बोलवा, एवढंच म्हणायचं होतं. ती ते वाक्य गाडीत मनाशी घोळवत आली होती. आता ते आठवून तिला स्वतःचाच राग आला.

*

धनसिंग पाटील आले. टोपी, पांढराशुभ्र पायजमा, घडी न मोडलेला शर्ट. त्यांनी ओट्यावरच्या घागरींना हात जोडले. नानांनी हळूच सांगितलं, ही टोकाची आमच्या वनाच्या मुलीची. धनसिंग यांनी च्च केलं आणि भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. भाऊंनी मान खाली घातली. ती लाजेने घातलेली मान पाहुण्यांना दुःखाची वाटली.

जेवणं झाली. रस, पुरणपोळी, कुरडया, कटाची रशी. पुष्पा वाढत होती, आणि फुईचं तिच्या चेहऱ्याकडे लक्ष होतं. फुई तिच्या हातातलं रशीचं भांडं काढून घेऊन स्वतः वाढायला गेली. मग खेळ मांडला. पाहुण्यांसाठी खाट टाकली. नानांनी खेळाची सगळी कथा सांगितली, पत्ते चुलीत घातल्यापासून. विहिरीचा किस्साही सांगितला, पण दोर कोणी सोडला ते नाव घेतलं नाही. “घरातल्या एका पोरीने,” एवढंच म्हणाले.

पहिले तीन फेरे पुष्पा बोललीच नाही. मक्याला पाणी किती पाळ्या, तापी कुठे उगम पावते, साबणाने मळ का निघतो. शेवटचं तिच्या अभ्यासातलं होतं, तरी ती खाली सावलीत बसून राहिली. धनसिंग यांनी थट्टा केली की नाना, तुमची बी.एस्सी. तर दगडासारखी बसली आहे, कॉलेजात फी भरली का नुसतीच. नाना हसले, पण त्यांचं तिच्याकडे लक्ष होतं. त्यांना कळलं होतं की तिला कळलं आहे.

घरचा फेरा आला. नानांनी पहिला प्रश्न कोकिळाला टाकला. मुद्दामच. जामनेरकरांना मुलगी बोलताना बघायची होती, आणि मुलगी काय बोलते तेही ऐकायचं होतं.

“कोकिळा, या घराच्या घागरी किती, आणि कोणाकोणाच्या?”

कोकिळा उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, पाच. आबांची, आजीची, नथ्थूकाकांची, आईची. आई म्हणताना ती एरवीसारखीच थांबली. मग आणखी थांबली. तिने पुष्पाकडे पाहिलं, आणि पुष्पाने नजर काढून घेतली नाही.

“पाचवी?” नानांनी विचारलं. वर्गात विचारतात तसं.

“प्रमिलाअक्काची,” कोकिळा जमिनीकडे बघत म्हणाली.

“बरोबर. मान्य?”

मान्य म्हणायची रीत होती. सगळ्यांनी मिळून म्हणायचं. दोघातिघांचे आवाज निघालेही. तेवढ्यात ताट वाजलं. पुष्पाने ते एवढ्या जोराने वाजवलं की ते ओट्यावरून घरंगळून खाली गेलं आणि गोल फिरत राहिलं. 

“हरकत,” ती म्हणाली. “घागर गेलेल्या माणसाची भरतात. अक्का जिवंत आहे. धुळ्यात देवपूरला राहते. मी तिच्या हातचं जेवून आले.”

नाना रागावले नाहीत. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते शांतपणे म्हणाले, ऐकीव पुरावा या खेळात चालत नाही, नियम सर्वांना माहीत आहे. पुरावा इथे, सगळ्यांसमोर दाखवायचा असतो.

“दाखवू शकतेस का? नाही ना? मग उत्तर कायम.”

हेच ते. उंबऱ्याशी तिला अडवायचं, आणि मग उंबऱ्याच्या आत ती दिसत नाही म्हणून ती नाही असं ठरवायचं.  ज्या माणसाने तिला पुरावा म्हणजे काय हे शिकवलं, तो तेच शिकवणं हातात धरून तिच्या बहिणीला मारत होता. आणि सगळे बसले होते. फुई बसली होती. भाऊ बसले होते, सकाळी पाणी ओतलेले हात मांडीवर ठेवून.

खाटेवरून धनसिंग यांनी घसा साफ केला.

“मग नाना,” ते म्हणाले, “वारलं कोण?”

नाना म्हणाले, पोरगी शहरात राहून बिघडली आहे, तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका. धनसिंग लक्षच देत होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

पुष्पा ओट्यावर चढली. ती घागरींकडे गेली नाही, भिंतीकडे गेली. चार वर्षं रोज समोर असलेलं अक्षर घरातल्यांना दिसेनासं झालं होतं. कुंभाराला पाचाचा आकडा सांगणाऱ्या, खरबुजं मोजून आणणाऱ्या नानांनाही ते दिसलं नव्हतं.

“हे वाचा, नाना,” ती म्हणाली. “घागरीचं पाणी. नाना, पाच. प्रमिला, पंधरा. आबा गेले तेव्हा आबांचा प्रश्न तुम्ही पुसलात. दावा करणारा गेला, दावा गेला. मग हा इथे कसा? दोन्ही खरं नाही होऊ शकत. एक तर ही घागर उचला, नाही तर हा प्रश्न पुसा.”

 नानांनी भिंतीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा प्रथमच उतरला, चोर सापडल्यासारखा नाही, तर मास्तराला फळ्यावरची स्वतःची चूक दिसावी तसा. ते सावकाश उठले. पाण्याच्या बादलीत ओलं फडकं होतं ते घेतलं, पिळलं. पुसणारच होते. पुसून टाकलं की हिशेब जुळत होता. पुष्पाने त्यांना तो जुळवायला रस्ता दिला होता, आणि हे तिच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. भिंतीपुढे उभं राहून अडवावं तर ती त्यांच्या छातीपर्यंतही येत नव्हती.

त्याच वेळी घरातून द्रौपदाबाई बाहेर आली.

पंचवीस वर्षांत ती जेठासमोर उभी राहिली नव्हती. नाना ओट्यावर असले की ती मागच्या दाराने जायची. पाहुण्यांपुढे यायचा तर प्रश्नच नव्हता. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला होता, हाताला कोपरापर्यंत आंब्याचा रस वाळलेला होता. ती भिंत आणि नाना यांच्या मधून चालत गेली, म्हणून नानांना दोन पावलं मागे सरावं लागलं. भावजयीला धक्का लागता कामा नये ही रीत त्यांच्याही अंगात होती. टोकाच्या घागरीपाशी ती वाकली. वरचं खरबूज तिने खाली ठेवलं, आंबे ठेवले, सांजोऱ्या ठेवल्या, एकही टाकलं नाही. मग भरलेली घागर ढेकळांवरून उचलली. सूत तटकन तुटलं. पाणी हिंदकळून तिच्या लुगड्यावर सांडलं.

ती घागर तिने पुष्पाच्या कमरेवर ठेवली.

“जाय,” ती म्हणाली. “तिनाकडे जाय. मोजीसन ये.”

आवाज मोठा नव्हता, पण तो या ओट्यावर कधी ऐकलेला नव्हता. धनसिंग उठून उभे राहिले होते. ते कशासाठी उठले हे त्यांनाच ठाऊक नसावं. थोड्या वेळाने त्यांनी टोपी घातली आणि जामनेरची गाडी किती वाजता आहे असं फुईला विचारलं.

नाना फडकं हातात धरून होते. त्यातून पाणी गळत होतं.

“ही घागर घेऊन उंबऱ्याबाहेर गेलीस,” ते पुष्पाला म्हणाले, “तर तुझीही मांडू आम्ही.”

“मांडा,” पुष्पा म्हणाली. “कुंभाराला सहाचा आकडा सांगा.”

पिशवी कोकिळाने आणून दिली. पुष्पाने ती मागितली नव्हती. कोकिळाने तिच्याकडे न बघता पिशवी पायाशी ठेवली आणि ती आत गेली. तिचं जामनेरचं आजच मोडलं होतं, बहुधा. पुष्पाला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. तेवढी जागा तिच्यात उरली नव्हती.

*

स्टेशन दीड कोसावर होतं. पुष्पा गावाबाहेर पडली तेव्हा मागून भाऊ आले. त्यांनी तिच्या कमरेवरची घागर काढून आपल्या खांद्यावर घेतली. रस्त्याला सावलीचं झाड नव्हतं, नांगरलेली शेतं दोन्ही बाजूंना तापून पडली होती.  तिला बोलायचं होतं, भरपूर होतं, पण एकदा सुरू केलं की तिला थांबता आलं नसतं.

फलाटावर भाऊंनी घागर खाली ठेवली. चाळीसगावहून धुळ्याची पॅसेंजर यायची होती. तुम्ही चला बरोबर, असं ती म्हणाली. ते म्हणाले, बैलांना पाणी दाखवायचं आहे. गाडी आली, त्यांनी घागर डब्यात चढवून दिली, आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीची सळई धरून उभे राहिले.

“तिला सांगशील का,” ते म्हणाले, आणि काय ते त्यांना सुचेना.

“मी तिला सांगणार आहे की पाणी तुम्ही ओतलं,” पुष्पा म्हणाली.

त्यांनी मान हलवली. सळई सोडली.

डबा भट्टीसारखा तापला होता. समोरच्या बाकावर एक बाई कडेवरच्या पोराला वारा घालत होती. तिने घागरीकडे बघितलं, मग पाणी मागितलं. पुष्पाने ओंजळीत ओतलं. मग दुसऱ्याने मागितलं, तिसऱ्याने पेला पुढे केला. आखाजीचं पाणी, पुण्य लागेल पोरी, असं एक म्हातारा म्हणाला.  धुळं येईपर्यंत घागर रिकामी झाली होती.

प्रमिलाने दार उघडलं तेव्हा आधार शेजारच्यांचा रेडिओ दुरुस्त करत बसला होता. रिकामी घागर घेऊन दारात उभ्या असलेल्या बहिणीला बघून ती आधी हसली. पुष्पाने उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं, घागरी पाच होत्या इथपासून. काही वगळलं नाही.

“कावीळ?” प्रमिलाने विचारलं. “मला कावीळ झाली होती?”

“हो.”

“आणि भाऊंनी ओतलं?”

“हो.”

प्रमिला खाली बसली. तिचा चेहरा लाल झाला होता, आणि रडेल असं वाटत असताना ती रडली नाही. आधारने रेडिओ बाजूला सारला. तो काही बोलणार होता, पण तिने हातानेच त्याला थांबवलं. मग तिने घागर पुढ्यात ओढली, गळ्याला राहिलेला सुताचा तुकडा नखाने तोडून काढला आणि बोटाच्या पेराने घागरीच्या पोटावर टिचकी मारली. कान लावून ऐकलं.

“भाजलीय चांगली,” ती म्हणाली. “नवी आहे, एकदोनदा पाणी टाकून द्यावं लागेल. रात्रभर भरून ठेवू. उद्या दुपारी मोजू. आणि सावलीत मोजायचं, दोन्ही. उन्हात धरला तर नाना हरकत घेतील.”

पुष्पाने पिशवीतून पुठ्ठ्याची नळी काढून तिच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता ओसरीत सावली होती. घागर वाळूवर ठेवलेली होती आणि वाळू गोल ओली झाली होती. प्रमिलाने थर्मामीटर आधी खुंटीला टांगला, मग दोऱ्याने घागरीत सोडला, आणि दोन्ही वेळा पारा स्थिर झाल्याशिवाय बघू दिलं नाही. दावा तिचा, म्हणून आकडा तिने वाचायचा नाही असं तिनेच ठरवलं. आधारने वाचला.

बाहेर बेचाळीस अंश. घागरीत सव्वीस. फरक सोळा.